पेटीत मावलेली मैफल

१६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळरानावर राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टची फौज मोडली आणि त्याचं सामानसुमान सरकारी सैन्याच्या हाती पडलं. त्यात चांदीची एक नक्षीदार पेटी होती. एडिंबराचा चांदीकाम करणारा कारागीर एबेनेझर ऑलिफंट याने ती १७४०-४१मध्ये घडवली होती. आत पेले, सुऱ्या, काटे, चमचे, मीठमसाल्याची डबी आणि बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री खिळा. त्या खिळ्याच्याच अंगात जायफळाची किसणी बसवलेली. आज ही पेटी एडिंबरामधल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मला तिच्यातली सगळ्यात बोलकी वस्तू ती किसणी वाटते. पंच या मद्यपेयाच्या पेल्यावर ताजं जायफळ किसायची त्या काळी रीत होती, आणि राज्य जिंकायला निघालेल्या माणसाच्या सामानातही त्या रीतीला जागा होती.

आवडीचं पेय, ते करायची साधनं आणि ते देण्याची पद्धत हे सगळं एका पेटीत घालून बाहेर पडायचं, ही हौस अनेक देशांनी आपापल्या परीने पुरवली. जपानने चहाची पेटी घडवली, इंग्लंडने वेताची टोपली, जर्मनीने कॉकटेलचा घडीचा बार. हे जुने संच आता पूर्ण स्वरूपात क्वचितच मिळतात. कप फुटलेले असतात, दिवा हरवलेला असतो, चार पेल्यांपैकी एकच उरलेला असतो. म्हणून जुन्या बाजारांतून एकेक सुटी वस्तू वेचून नवा संच जुळवणारे रसिक ठिकठिकाणी आहेत.

जमवणं आणि जुळवणं यांत फरक आहे. जमवणाऱ्याचं कपाट भरत जातं आणि भरलेलं पाहून त्याला आनंद होतो. जुळवणाऱ्याला मात्र पेटीचं माप पाळावं लागतं. समोर पन्नास सुंदर कप असले, तरी त्यातले दोनच घ्यायचे असतात, आणि ते एकमेकांशी, किटलीशी, पेटीच्या खोलीशी जमणारे असावे लागतात. नको म्हणता येणं हा या कसबाचा पाया आहे. आणि त्याची कसोटी एकच: पेटी उघडली की दोन माणसांना नीट प्यायला मिळतं का? वस्तूंचं वय, त्यांची किंमत, त्यांवरचे शिक्के हे सगळं त्यानंतर येतं.

क्योटोच्या रस्त्यावरचा चहावाला

चहाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांत बाईसाओचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागतं. १६७५मध्ये जन्मलेला हा ओबाकु झेन पंथाचा भिक्षू मठाचा आसरा सोडून क्योटोत आला आणि साठीच्या सुमारास उघड्यावर चहा विकू लागला. बाईसाओ म्हणजे चहा विकणारा म्हातारा. लोकांनी दिलेलं हेच नाव त्याला चिकटलं. शेगडी, किटली, कप आणि कोळसा टोपल्यांत भरून तो देवळांच्या आवारात आणि नदीकाठच्या झाडांखाली जाऊन बसे. ज्याला जेवढे द्यायचे तेवढे पैसे द्यावेत, फुकट प्यायचा असेल तर तसाही प्यावा, असा त्याचा खाक्या होता. त्या वेळी जपानमधला प्रतिष्ठेचा चहा म्हणजे बंदिस्त खोलीतला, कडक शिस्तीतला, घुसळलेल्या हिरव्या पुडीचा. बाईसाओने पानांचा साधा चहा उघड्या आभाळाखाली आणला.

१७५५मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्याने आपली बरीचशी भांडी स्वतःच्या हाताने जाळून टाकली. आपल्यामागे ती मौल्यवान वस्तू म्हणून विकली जातील, त्यांच्यावर बोली लागेल, हे त्याला नको होतं. १७६३मध्ये तो गेला. पुढे ओसाकाचा विद्वान संग्राहक किमुरा केनकादो याने केलेली त्या भांड्यांची चित्रं छापली गेली आणि त्या चित्रांवरून लोकांनी तशीच भांडी घडवून घेतली. जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत मनाशी धरावी. वापरणाऱ्याच्या हातून सुटलेली वस्तू नुसती किंमत होऊन बसते, ही भीती बाईसाओला अडीचशे वर्षांपूर्वीच वाटली होती.

घुसळलेल्या चहाच्या परंपरेतही फिरती पेटी आली. तिचं नाव चाबाको. चहाची परंपरा चालवणाऱ्या उरासेन्के घराण्याचे अकरावे प्रमुख गेनगेनसाई (१८१०–१८७७) यांनी या पेटीतून चहा करण्याचे विधी बांधले आणि त्यांना बर्फ, चंद्र, फूल अशी ऋतू सुचवणारी नावं दिली. दोन्ही हातांत सहज मावणारी ही लाकडी पेटी. तिच्यात चहाचा वाडगा, पुडीची डबी, बांबूचा चमचा, नळीत बसणारी बांबूची घुसळणी, ओलं पुसणं ठेवायची दुसरी नळी आणि खडीसाखरेसारख्या बारीक मिठाईची सुरई. प्रत्येक वस्तूला कापडाची पिशवी, म्हणजे चालताना एकमेकींवर आपटू नयेत. पेटी उघडून वस्तू बाहेर काढायचा आणि परत ठेवायचा क्रमही ठरलेला.

चाबाको तयार मिळते, पण जाणकार ती तशी घेत नाहीत. रिकामी पेटी आधी, मग वर्षानुवर्षं एकेक वस्तू. कोरियाचा जुना लहान वाडगा, धुपाची डबी चहापुडीसाठी, झिजलेल्या किमोनोच्या पट्ट्यातून शिवलेली पिशवी. एका कामासाठी घडलेल्या वस्तूला दुसऱ्या कामाला योग्य म्हणून ओळखायचं, या नजरेला जपानी चहाच्या परंपरेत मिताते म्हणतात आणि तिला मोठा मान आहे. क्योटोच्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगू मंदिरात २५ तारखेला जुना बाजार भरतो. तिथे असे वाडगे आणि डब्या शोधणाऱ्यांची सकाळपासून वर्दळ असते. तिथला माणूस वाडगा उचलून घुसळणी त्यात फिरेल का ते पाहतो, पेटीत उभा मावेल का ते पाहतो, आणि मगच त्याच्या सौंदर्याकडे वळतो.

पिकॅडिलीची टोपली

इंग्लंडमध्ये अशा फिरत्या संचाची गरज रेल्वेने वाढवली. ब्रिटनमधला पहिला भोजनाचा डबा १८७९मध्ये लंडन-लीड्स मार्गावर धावला. त्याआधी, आणि नंतरही पुष्कळ वर्षं बहुतेक गाड्यांत, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची सोयच नव्हती. गाडी थांबेल तेवढ्या मिनिटांत फलाटावरच्या उपाहारगृहात जे मिळेल ते घाईघाईने खायचं, नाहीतर उपाशी बसायचं. मोठ्या स्टेशनांवर जेवणाच्या आणि चहाच्या भरलेल्या टोपल्या मिळू लागल्या त्या यामुळेच. ज्यांना परवडत होतं त्यांनी स्वतःची टोपली घेतली.

लंडनच्या पिकॅडिली सर्कसवरच्या ड्र्यू अँड सन्स या पेढीने ‘आँ रूत’ या नावाने विकलेली चहाची टोपली या प्रकारातली सगळ्यात नावाजलेली. बाहेरून विलोच्या काटक्यांची वीण, आतून पत्र्याचं अस्तर. टोपली उघडली की स्पिरिटचा दिवा, त्यावर बसणारी किटली, चहा-साखरेच्या डब्या, वेताच्या कवचातली दुधाची बाटली, लोण्याचं भांडं, सँडविचचा डबा, चिनी मातीचे कप आणि बश्या. पत्र्याच्या अस्तरामुळे वारा अडायचा आणि काटक्यांना आच लागायची नाही, म्हणून दिवा टोपलीतच पेटवता येई. दोन माणसांची, चार माणसांची, सहा माणसांची अशी मापं असत. एकही वस्तू सुटी खडखडत नाही. प्रत्येकीला पट्टा, खाच किंवा कप्पा आहे. चालत्या गाडीत उकळतं पाणी हाताळायचं म्हटल्यावर ही शिस्त हवीच होती.

मोटारी आल्यावर टोपल्या मोठ्या झाल्या आणि पेट्या बनून गाडीच्या पायरीवर चढल्या. जी. डब्ल्यू. स्कॉट अँड सन्सच्या ‘कोरॅकल’ छापाच्या पेट्या, बर्मिंगहॅमच्या ‘सिरॅम’ पेट्या आजही इंग्लंडच्या जुन्या बाजारांत दिसतात. १९२०च्या दशकात बर्मिंगहॅमच्याच ब्रूक्स अँड ॲडम्सने ‘बँडालास्टा’ नावाची, संगमरवरासारख्या रंगछटांची प्लास्टिकची कपबशी काढली. न फुटणारी आणि हलकी, त्यामुळे ती सहलीच्या पेट्यांत लगेच शिरली.

पण टोपलीचा खरा कायापालट केला तो थर्मासने. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी १८९२मध्ये अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी दुहेरी भिंतीची, मधली हवा काढून घेतलेली काचेची कुपी बनवली. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. बर्लिनचे काचकारागीर राइनहोल्ड बुर्गर यांनी तिला धातूचं कवच चढवून घरगुती वस्तू केली आणि १९०४मध्ये थर्मास या नावाने ती बाजारात आली. जे थंड राखतं ते गरमही राखतं, हे लक्षात आल्यावर दिवा आणि किटली टोपलीतून बाहेर पडली. म्हणून जुनी टोपली हाती आली की आतले कप्पे पाहावेत. दिव्याची आणि किटलीची जागा असेल तर ती साधारणपणे आधीच्या पिढीतली. दोन उंच गोल खाचा असतील तर थर्मासनंतरची.

चहा गरम ठेवायला चीनने याहून सोपा उपाय काढला होता. जाड अस्तराच्या वेताच्या टोपलीत चिनी मातीची किटली आणि दोन लहान कप, वर पितळी कडी. तोटी बाहेर काढायला अस्तरात नेमकी खाच. टोपली न उघडता चहा ओतता येतो आणि तो बराच वेळ गरम राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या टोपल्या परदेशी जाऊ लागल्या आणि आज त्या जगभरच्या जुन्या बाजारांत मिळतात. संच जुळवायला नव्याने निघालेल्याला मी पहिली शिफारस याच टोपलीची करीन. तिच्यातलं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

सोलिंगेनचं झेपेलिन

कॉकटेलच्या फिरत्या संचाचा कणा म्हणजे शेकर. झाकणातच गाळणी असलेला तीन भागांचा शेकर ब्रुकलिनच्या एडवर्ड हॉक यांनी १८८४मध्ये पेटंट केला. एकच भांडं ढवळतं, गाळतं आणि ओततं, त्यामुळे प्रवासात दोन वस्तू वाचतात. त्यानंतर १७ जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. उघड पिणं बंद झालं आणि लपवता येणाऱ्या वस्तूंना मागणी आली. खिशाच्या वळणाला बसणारी चपटी कुपी, पुस्तकाच्या आकाराची पेटी, किटलीच्या आकाराचा शेकर. चोरट्या मद्यालयांत दारू चहाच्या कपातून दिली जाई. चहाचा संच आणि कॉकटेलचा संच यांची सरमिसळ तेव्हापासूनची आहे.

रचनेचा कळस मात्र जर्मनीत झाला. सोलिंगेन हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. तिथल्या धातुकारागिरांच्या हाताला बारीक मापाची सवय. १९२८च्या सुमारास, ग्राफ झेपेलिन हे हवाई जहाज जगाच्या कौतुकाचा विषय झालं होतं, तेव्हा त्याच आकाराचा प्रवासी बार निघाला. उभा केला की साधारण फूटभर उंचीचं चकचकीत झेपेलिन. एकेक भाग सुटा करत गेलं की आतून शेकर, कुप्या, पेले, गाळणी, लिंबू पिळायचं भांडं, नरसाळं, चमचे आणि बूच काढायचा स्क्रू निघतो. एका वस्तूच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. लिलावांत आज त्याला फार मोठी किंमत येते आणि तो बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. त्याच्यामागचं तत्त्व मात्र कोणालाही उचलता येतं: पोकळ वस्तूच्या आतली जागा रिकामी ठेवायची नाही. शेकरमध्ये पेले, पेल्यांत माप, मापात बुचं.

१९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत ब्रीफकेससारख्या कातडी पेट्या आल्या. दोन बाटल्यांच्या खाचा, एकात एक बसणारे पेले, झाकणाच्या आत हत्यारांचे पट्टे. या पेट्या धडधाकट असतात, आतलं सामान बहुधा गायब असतं, आणि म्हणून त्या स्वस्तात मिळतात. गॅलनच्या पाचव्या हिश्श्याची, म्हणजे सुमारे ७५७ मिलिलिटरची जुनी अमेरिकन बाटली लक्षात घेऊन त्यांच्या खाचा केलेल्या. आजची ७५० मिलिलिटरची बाटली त्यात बहुधा बसते. तरी पेटी घेताना बाटली बरोबर न्यावी.

वेचताना काय पाहावं

लंडनचा पोर्टोबेलो रोड, पॅरिसचं सँ-वाँ, मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारी भरणारा जुना बाजार: जागा कोणतीही असो, हाताला आणि नजरेला तीच सवय लावावी लागते.

आधी शिक्का. इंग्लंडच्या चांदीवर पाय उचलून चालणारा सिंह असेल तर ती हजारात ९२५ शुद्धतेची. नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन, मुकुट असेल तर १९७५च्या आधीचं शेफील्ड. शेजारचं अक्षर वर्ष सांगतं. ‘ईपीएनएस’ ही अक्षरं असतील तर ती चांदी नव्हे, जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या या मिश्रणात चांदी नावालाही नसते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी १८४०मध्ये हा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चकाकी आली. इंग्रजी वस्तूवर पतंगाच्या आकाराची खूण असेल तर तिचा नमुना १८४२ ते १८८३ या काळात नोंदलेला. ‘आरडी’ आणि आकडा असेल तर १८८४नंतरचा. चिनी मातीच्या तळाला ‘निप्पॉन’ असेल तर ती वस्तू साधारण १८९१ ते १९२१ या काळात जपानहून अमेरिकेला गेलेली. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या वर्षांतली.

मग टिचकी. धड कप टिचकी मारली की खणखणीत वाजतो. केसाएवढी चीर असेल तर आवाज बसका येतो. धातूच्या भांड्यात पाणी भरून ते कोरड्या कागदावर काही वेळ ठेवावं, डाख सुटलेला असेल तर कागद सांगेल. थर्मासच्या आत उजेड पाडून पाहावा; काचेवरचा चांदीसारखा थर डागाळला असेल किंवा कुपी हलवल्यावर किणकिणत असेल तर ती नको. कुपीचं झाकण उघडून वास घ्यावा. कुबट वास धुऊन जातो, गंजाचा जात नाही.

आणि आता आरोग्य, ज्याच्याकडे हौशी लोक फार दुर्लक्ष करतात. मुलामा उडून आतलं पितळ उघडं पडलेल्या शेकरमध्ये लिंबू किंवा संत्र्याचा रस घालू नये; आपल्याकडे ताक जसं पितळेत कळकतं तसंच तेही कळकतं. शिसं मिसळलेल्या जड काचेच्या सुरईत मद्य साठवून ठेवू नये. ओतून लगेच प्यायला हरकत नाही. जुन्या, खडबडीत किंवा झिजलेल्या रंगीत झिलईत शिसं असू शकतं, अशा कपात आंबट पेय नको. काही जुन्या स्पिरिटच्या दिव्यांत वातीच्या जागी ॲस्बेस्टॉसचा कापूस कोंबलेला असतो. तो उकरून बघू नये. असा दिवा शोभेला ठेवावा आणि पाणी थर्मासमधून न्यावं. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, शिवाय आपल्या रेल्वेत ज्वलनशील द्रव नेणं हा गुन्हा आहे. जुनी बुचं आणि रबरी चकत्या बदलणं हा संचाचा अपमान नाही. तो चालू राहण्याची ती अट आहे.

माप आणि मेळ

पेटी आधी घ्यावी, वस्तू नंतर. हा नियम मोडणाऱ्यांचं कपाट भरतं आणि संच होत नाही. पेटीची आतली लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहून खिशात ठेवावी आणि बाजारात मोजपट्टी बरोबर न्यावी.

चहाचा हिशेब सोपा आहे. १२० मिलिलिटरचे दोन कप, प्रत्येकाला दोन वेळा चहा, म्हणजे ४८० मिलिलिटर पाणी. अर्ध्या लिटरचा थर्मास पुरतो. किटली अडीचशे-तीनशे मिलिलिटरपेक्षा मोठी घेऊ नये. अर्धी रिकामी किटली लवकर निवते आणि जागा खाते. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी घालून तो तापवावा, ते ओतून मग भरावा. आपला दुधाचा चहा थर्मासमध्ये फार वेळ ठेवला की त्याची चव उतरते. त्यापेक्षा आलं-गवती चहा घालून उकळलेलं पाणी न्यावं, पत्ती तिथे टाकावी, दूध वेगळ्या बाटलीत ठेवावं.

कॉकटेलच्या पेटीत फळांच्या रसाची पेयं टाळावीत. रस, साखर आणि बर्फ हे तिन्ही प्रवासाला त्रासदायक. निग्रोनीसारखं पेय या पेटीसाठीच असावं असं वाटतं: जिन, गोड वर्मुथ आणि कँपारी, प्रत्येकी ३० मिलिलिटर. घरीच मिसळावं, एका पेयामागे वीस-पंचवीस मिलिलिटर पाणी घालावं, कारण एरवी ढवळताना बर्फ वितळून तेवढं पाणी त्यात येतच असतं, आणि गार करून स्टीलच्या कुपीत भरावं. दोघांसाठी २५० मिलिलिटरची कुपी पुरते. मग पेटीत दोन पेले, संत्र्याची साल काढायची लहान सुरी आणि एक माप, एवढंच उरतं. जुनी इंग्रजी मापं गिलमध्ये असतात. गिल म्हणजे १४२ मिलिलिटर आणि त्याचा सहावा हिस्सा सुमारे २४. आपला लहान पेग ३० मिलिलिटरचा. जुन्या मापाने आपल्या सवयीचं पेय करताना हा फरक ध्यानात ठेवावा. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. सार्वजनिक जागी पिण्याला कायद्याने मनाई आहे. तेव्हा इथे डोंगरावर न्यायची ती चहाची पेटी. कॉकटेलची पेटी मित्राच्या गच्चीवर, अंगणात शोभते.

मेळ रंगाचाच असावा असं नाही. सगळे कप एकाच छापाचे असतील तर उत्तम, नसतील तर एक धागा असावा: एकच धातू, एकच काळ, एकच काठ किंवा एकच उंची. निळ्या काठाचा इनॅमलचा पेला आणि निळ्या नक्षीचा चिनी कप शेजारी बसतात. चकचकीत मुलाम्याशेजारी काळवंडलेलं पितळ बसत नाही, दोन्ही आपापल्या जागी सुंदर असली तरी.

आपल्या आळ्यांतलं बळ

हे कसब महाराष्ट्राला परकं नाही. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून आपल्याकडे फिरकीचा तांब्या होता. मळसूत्राचं घट्ट झाकण, वर कडी. यात्रेहून गंगाजळ याच तांब्यातून घरी आलं. पानाचा डबा पाहा: चुना, कात, सुपारी, लवंग, अडकित्ता, प्रत्येकाचा कप्पा ठरलेला, आणि डबा उघडून पुढे सरकवणं हेच पाहुण्याचं स्वागत. ‘आँ रूत’ टोपलीमागचा विचार आणि पानाच्या डब्यामागचा विचार एकच आहे.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलं की अशा वस्तूंचं मोल कळतं. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी १९२०च्या सुमारास घरगुती जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या. लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. राजेरजवाड्यांच्या दागिन्यांमागे न लागता त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, भांडी वेचली. रोजच्या वापरातली वस्तूही जपण्याइतकी सुंदर असते, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिलं.

दुरुस्तीची माणसंही आपल्याकडे अजून आहेत. इंग्लंडमध्ये जुन्या तांब्याच्या किटलीला आतून कथील चढवून घ्यायचं तर मोजक्या कार्यशाळांकडे पाठवावी लागते. आपल्याकडे कल्हईवाला कथील आणि नवसागर घेऊन बसला की काम थोड्या वेळात होतं. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून कल्हईची किटली रिकामी कधी जाळावर ठेवू नये, एवढं मात्र पाळावं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पोचा काढून मिळतो, आणि तिथलं मठारकाम तर जगाने पाहावं असं आहे. टोपलीची तुटलेली वीण बुरूड दुरुस्त करतो, पट्टा आणि कडी मोची बसवतो. या चौघांच्या हातांखालून गेलेली टोपली लंडनच्या दुकानातल्या टोपलीपेक्षा कमी टिकत नाही, आणि त्यांना काम मिळतं ही जमेची मोठी बाजू.

शेवटी प्रामाणिकपणाचं. जुळवलेला संच जुळवलेला म्हणूनच ओळखला जावा. पेटीच्या झाकणात एक कागद ठेवावा: कोणती वस्तू कुठली, साधारण कधीची, कुठे मिळाली, काय बदललं. विकायची किंवा भेट द्यायची वेळ आली तर तो कागद बरोबर द्यावा. तयार जुना संच असल्याचं भासवून जुळवलेला संच विकणं ही फसवणूक आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: भारतातून शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाहीत, १९७२चा पुरावशेष कायदा तसं स्पष्ट सांगतो. आजीचा तांब्या बॅगेत टाकण्यापूर्वी त्याचं वय विचारून घ्यावं.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पूर्ण, धड असा जुना संच हाती आला तर त्यातली एकही वस्तू दुसऱ्या पेटीसाठी काढू नका. तो तसाच जपा. सुटा, एकटा पडलेला कप मिळाला तर मात्र त्याला काचेच्या कपाटात बंद करू नका. त्याला जोडीदार शोधा, पेटी शोधा आणि येत्या रविवारी त्यातून कोणाला तरी चहा द्या.